वजा बारा न्यूट्रॉन, साडेअठरा न्यूट्रॉन: अणुअंक आणि अणुवस्तुमानांकाचा नेहमीचा घोळ

आठवीचा अणूचा धडा सुरू झाला की माझ्या फोनवर वह्यांचे फोटो यायला लागतात, "मॅडम, न्यूट्रॉन मायनस यायलेत, माझं चुकलंय का पुस्तकाचं", आणि मागोमाग दुसरं लेकरू क्लोरीनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन काढून पाठवतं. वजाबाकी दोघांची बरोबर असते, सूत्रही (न्यूट्रॉन म्हणजे अणुवस्तुमानांक वजा अणुअंक) पाठ असतं, तरी उत्तर असलं येतं. हा घोळ आठवीत निस्तरला नाही तर तो दहावीत आवर्तसारणीला, अकरावीत मोलच्या गणितांना आणि पुढं नीट परीक्षेच्या तयारीला पण सोबत जातो, लातूरला रिपीटला बसलेली हुशार पोरं सुद्धा घाईत नेमकी इथंच मार्क घालवायलेत. म्हणून नेहमी दिसणारे सगळे घोळ, ते येतात कुठून आणि काढायचे कसे, हे एका जागी लिहितेय. आठवी-नववीच्या लेकरांसाठी आहे, पण घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनी आणि नव्यानं शिकवायला लागलेल्या सरांनी पण वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मूळ कुठं आहे

माझं ठाम मत आहे की याचं मूळ वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात आहे. आवर्तसारणीचा बाजारात मिळणारा कुठलाही तक्ता घ्या, बहुतेक तक्त्यांत सोडियमच्या चौकटीत वर ११ असतं, मधे एनए ही संज्ञा आणि खाली २२.९९. आता पुस्तकातलं चिन्ह बघा, तिथं संज्ञेच्या डाव्या अंगाला वर २३ आणि खाली ११. म्हणजे तक्त्यात जो आकडा वर होता तोच इथं खाली आला, आणि तक्त्यात खाली जो दशांश चिन्हाचा आकडा होता त्याच्यासारखाच दिसणारा एक आकडा इथं वर जाऊन बसला. लेकरू रोज भिंतीकडं बघतं, त्याच्या डोळ्यात "वरचा तो अणुअंक" हे पक्कं बसलेलं असतं, मग परीक्षेत ते वरच्या २३ ला अणुअंक धरतं, खालच्या ११ ला अणुवस्तुमानांक धरतं आणि सूत्राप्रमाणं ११ वजा २३ करून वजा १२ लिहून मोकळं होतं. क्लोरीनचंही तसंच, प्रश्नात अणुवस्तुमानांक दिलेला नसला की लेकरू तक्त्यातला ३५.५ उचलतं, त्यातून १७ काढतं, राहिले १८.५.

दोन्ही चुका एकाच तक्त्यातून आल्या, आणि आपण काय करतो तर "वर ए (अणुवस्तुमानांक), खाली झेड (अणुअंक)" असं घोकून घ्यायला लावतो. मला हे घोकणं अजिबात पटत नाही. जागेवरून लक्षात ठेवलेली गोष्ट जागा बदलली की फसते, आणि जागा तर बदलतच राहते, काही तक्त्यांत अणुअंक डाव्या कोपऱ्यात असतो, काहींत मधोमध, काही जुन्या इंग्रजी पुस्तकांत वस्तुमानांक संज्ञेच्या उजवीकडं वर छापलेला सापडतो. आकडा कशाची मोजणी आहे हे कळालं की तो कुठंही लिहिलेला असो, ओळखता येतो.

आकडे मोजतात काय

अणुअंक, म्हणजे झेड, ही केंद्रकातल्या प्रोटॉनची मोजणी. (कुठं याला अणुअंक म्हणतात, कुठं अणुक्रमांक, गोष्ट एकच.) अणुवस्तुमानांक, म्हणजे ए, ही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून झालेली मोजणी. दोन्ही मोजण्या आहेत, वजनं नाहीत, त्यामुळं दोन्ही पूर्ण संख्याच असणार, अर्धा प्रोटॉन किंवा पाव न्यूट्रॉन असला प्रकारच नसतो. आणि ए मध्ये झेड आधीच मोजलेला आहे, म्हणून ए हा झेडपेक्षा लहान कधीच असू शकत नाही. हे एवढं एक वाक्य नीट समजलं तर वजा बारावाला प्रश्न तिथंच संपतो: दोन आकड्यांतला लहान तो अणुअंक, मोठा तो अणुवस्तुमानांक, वर असो, खाली असो, कुठंही असो. साध्या हायड्रोजनमध्ये तेवढे दोन्ही आकडे १ असतात कारण त्यात न्यूट्रॉनच नाही, तिथं अदलाबदल झाली तरी फरक पडत नाही.

वजाबाकीच्या आधी आणखी एक नजर टाकायची सवय लावून घ्या. हलक्या मूलद्रव्यांत ए हा झेडच्या जवळपास दुप्पट असतो, कार्बन ६ आणि १२, ऑक्सिजन ८ आणि १६, कॅल्शियम २० आणि ४०. मूलद्रव्य जड होत गेलं की न्यूट्रॉन जास्त लागतात कारण एवढाले प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारं बळ न्यूट्रॉनमुळं वाढतं, मग लोखंड २६ आणि ५६, सोनं ७९ आणि १९७, युरेनियम ९२ आणि २३८, म्हणजे दुपटीवरून अडीचपटीच्या थोडं पुढं. तुमच्या उत्तरात ए हा झेडच्या चौपट-पाचपट निघाला तर कुठंतरी आकडा चुकीचा उचललाय. हायड्रोजनचं घराणं आणि हेलियम-३ सारखे मोजके अपवाद सोडले तर ही तपासणी दगा देत नाही.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगते कारण ती पुस्तकात दोन ओळीत उरकतात. १९१३ च्या आधी अणुअंक हा खरं तर तक्त्यातला निव्वळ अनुक्रमांक होता, कितवं मूलद्रव्य एवढंच. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमानं मांडणी केली, पण ती काही ठिकाणी अडायची. टेल्युरियमचं अणुवस्तुमान १२७.६० आणि आयोडीनचं १२६.९०, वजनानं लावायचं तर आयोडीन आधी यायला पाहिजे, पण गुणधर्म बघितले तर आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनच्या खालीच शोभतं, म्हणून मेंडेलीव्हनं क्रम उलटा ठेवला. नंतर सापडलेल्या अरगॉनची पण तीच अडचण, अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशियम ३९.१०. मग १९१३ मध्ये हेन्री मोस्ले नावाच्या तरुणानं मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली आणि दिसलं की ती एका पूर्ण संख्येच्या हिशोबानं पायरीपायरीनं वाढते, ती संख्या म्हणजे केंद्रकावरचा धनप्रभार. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३, अरगॉन १८, पोटॅशियम १९, सगळं जागच्या जागी बसलं, वर ४३, ६१, ७२ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हे पण कळालं आणि ती मूलद्रव्यं पुढं खरंच सापडली. मोस्ले १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत गेला, वय अवघं २७. मला हे शिकवताना दरवेळी वाईट वाटतं. न्यूट्रॉन तर चॅडविक या शास्त्रज्ञाला १९३२ मध्ये सापडला, म्हणजे आपण ज्याला सगळ्यात सोपी वजाबाकी म्हणतो तिच्यामागचा कण मिळायला अजून एकोणीस वर्षं जावी लागली. हे ऐकल्यावर लेकरं अणुअंकाकडं वेगळ्या नजरेनं बघतात, तो आकडा म्हणजे मूलद्रव्याची ओळख आहे हे त्यांना आपोआप पटतं.

साडेअठरा न्यूट्रॉनचं काय करायचं

हा घोळ जास्त चिवट आहे, कारण इथं आकडा उलटा झालेला नाही, चुकीच्या जातीचा आकडा उचललाय. तक्त्यातला ३५.५ (नेमका ३५.४५) हा अणुवस्तुमानांक नाहीच, तो सरासरी अणुवस्तुमान आहे. निसर्गात क्लोरीन दोन प्रकारचं मिळतं, क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७, पहिलं साधारण ७६ टक्के आणि दुसरं साधारण २४ टक्के. मोंढ्यात तिघांची सोयाबीन एका भावानं गेली आणि चौथ्याची दोनशेनं जास्त गेली, तर सरासरी भाव पहिल्या भावापेक्षा पन्नासनं जास्त निघतो, पण त्या सरासरी भावाची पट्टी चौघांपैकी एकाच्याही हातात नसते. ३५.५ चा क्लोरीन अणू असाच, तो कुठंच नाही. एक तर १८ न्यूट्रॉनवाला ३५ आहे, नाहीतर २० न्यूट्रॉनवाला ३७. हे अॅस्टन या शास्त्रज्ञानं वस्तुमान-वर्णपटलेखी (अणू वस्तुमानानुसार वेगळे करणारं यंत्र) वापरून दाखवलं, त्याला १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

"मग मॅडम, राउंड करू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. काही ठिकाणी चालतं आणि म्हणूनच ही सवय धोक्याची आहे. सोडियम २२.९९ चं २३ होतं, बरोबर आहे, कारण निसर्गात सोडियमचा टिकाऊ प्रकार तो एकच. अॅल्युमिनियम २६.९८ चं २७, फॉस्फरस ३०.९७ चं ३१, फ्लोरीन १९, हे पण तसेच एकेकटे. लोखंड ५५.८५ चं ५६, चालून जातं कारण ९० टक्क्यांहून जास्त लोखंड ५६ चंच आहे. पण तांबं बघा, ६३.५५, राउंड केलं की ६४, आणि खाणीतल्या तांब्यात ६४ वाला अणू नसतोच, ६३ आणि ६५ असतात. ब्रोमीन ७९.९० चं ८० होतं, निसर्गात आहेत ७९ आणि ८१. चांदी १०७.८७ ची १०८ होते, आहेत १०७ आणि १०९. म्हणजे तुम्ही अगदी नियमानं राउंड केलं तरी जो अणू हाती आला तो आपल्या पैंजणात नाही, चांदीच्या खाणीत पण नाही.

त्यामुळं माझा सरळ नियम असा आहे: न्यूट्रॉन मोजायचे असतील तर अणुवस्तुमानांक प्रश्नात दिलेला असला पाहिजे, चिन्हात वर नाहीतर नावापुढं. तो दिला असेल तर तक्त्यातल्या दशांश आकड्याकडं बघायचंच नाही. दिलेला नसेल आणि पाठ्यपुस्तकातला सोपा प्रश्न असेल तर सगळ्यात जास्त मिळणारा प्रकार धरायचा आणि उत्तरात "क्लोरीन-३५ धरून" असं लिहायचं. उलट वजनाचं गणित असेल, रेणुवस्तुमान काढायचंय, मोल काढायचेत, मिठाचे ग्रॅम काढायचेत, तिथं सरासरीच लागते, कारण चमचाभर मिठात दोन्ही प्रकारचे क्लोरीन असणारच, तिथं ३५.५ च घ्या आणि कुणी ३५ घेतलं तर त्याला थांबवा. मोजणीला पूर्णांक, वजनाला सरासरी.

एक हुशार प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, की फ्लोरीनचा एकच प्रकार आहे तर मग १८.९९८ कशाला, नेमकं १९ का नाही. कारण एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं वस्तुमान नेमकं १ एकक नसतं, दोन्ही १ पेक्षा किंचित जास्त भरतात, आणि ते केंद्रकात बांधले जाताना थोडी ऊर्जा बाहेर जाते तेवढं वस्तुमान कमी होतं. नेमकं १२ फक्त कार्बन-१२ चं आहे, कारण १९६१ पासून त्यालाच माप धरायचं असं ठरलंय. आठवीच्या लेकरानं हे विचारलं तर टाळू नका, सांगा, त्याला आनंद होतो.

खालचा आकडा दिलाच नाही

पेपरात "कोबाल्ट-६० मध्ये न्यूट्रॉन किती" असं येतं आणि अर्धा वर्ग म्हणतो माहिती अपुरी आहे. अपुरी नाही. कोबाल्ट म्हणलं की २७ आलंच, संज्ञा आणि अणुअंक ही एकच गोष्ट दोनदा सांगणं आहे, म्हणून खालचा आकडा पुष्कळदा गाळतात. ६० वजा २७, उत्तर ३३. निसर्गातलं साधं कोबाल्ट ५९ चं असतं, ३२ न्यूट्रॉनवालं, ते गपगुमान असतं, आणि एक न्यूट्रॉन वाढला की तेच कोबाल्ट किरणोत्सारी होतं, त्याच्या गॅमा किरणांवर कॅन्सरच्या पेशंटला शेक देतात. आपल्याकडं कितीतरी घरांत हा शेक माहीत आहे. रासायनिक वागणूक तीच, कारण प्रोटॉन तेच, इलेक्ट्रॉन तेच, फरक फक्त केंद्रकात. हे ज्या दिवशी लेकराला कळतं त्या दिवशी समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले प्रकार) ही व्याख्या पाठ करायची वस्तू राहत नाही. तसंच आयोडीन-१३१, थायरॉइडच्या तपासणीला आणि उपचाराला वापरतात, ५३ प्रोटॉन आणि ७८ न्यूट्रॉन. आणि कार्बन-१४, तेर-पैठणसारख्या जुन्या गावाच्या उत्खननात जळका लाकडाचा तुकडा नाहीतर कोळसा झालेलं धान्य हाती लागलं तर त्यातलं कार्बन-१४ किती उरलंय यावरून वय काढता येतं, दर ५७३० वर्षांनी ते निम्मं होत जातं.

मात्र खालचा आकडा गाळलेला असताना संज्ञा ओळखता यायलाच पाहिजे, आणि इथं घोळ होतो तो लॅटिन नावांवरून आलेल्या संज्ञांचा. एनए म्हणजे सोडियम, के म्हणजे पोटॅशियम, एफई लोखंड, सीयू तांबं, एजी चांदी, एयू सोनं, पीबी शिसं, एचजी पारा. सगळ्यात जास्त गडबड के ची, लेकरं त्याला कॅल्शियम धरतात, कॅल्शियमचा अणुअंक २० घेतात आणि सगळं गणित एकानं सरकतं. खेड्यातल्या लेकरांना मी खताच्या पोत्यावरचं एनपीके आठवायला सांगते, नत्र, स्फुरद, पालाश, के म्हणजे पालाश म्हणजे पोटॅशियम, हे त्यांच्या घरात बापाच्या तोंडून रोज ऐकलेलं असतं. आणि १९:१९:१९ हे खत तर सगळ्यांना माहीत, त्यातला शेवटचा १९ पालाशचा, पोटॅशियमचा अणुअंक पण १९. हा योगायोग आहे, त्या आकड्याचा अणूशी काही संबंध नाही हे मी आवर्जून सांगते, पण एकदा ऐकलं की के चा १९ कुणी विसरत नाही.

दोन मूलद्रव्यांवर वरचा आकडा सारखाच

"अरगॉन ४०, पोटॅशियम ४०, कॅल्शियम ४०, म्हणजे तिन्ही एकच का?" नाही. प्रोटॉन १८, १९, २०, म्हणून मूलद्रव्यं तीन. न्यूट्रॉन २२, २१, २०. बेरीज तेवढी जुळली. यांना समभारिकं म्हणतात, कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ ही दुसरी जोडी. खालचा आकडा सारखा आणि वरचा वेगळा तर समस्थानिकं, एकच मूलद्रव्य. मूलद्रव्य कोणतं हे ठरवायचा अधिकार फक्त अणुअंकाला आहे, अणुवस्तुमानांकाला नाही, यापलीकडं यात काही नाही.

उजवीकडचे आकडे

डाव्या बाजूचे दोन आकडे केंद्रकाचे. उजव्या बाजूला वर अधिक-उणे चिन्हासोबत जो असतो तो प्रभार, म्हणजे इलेक्ट्रॉनचा हिशोब, आणि उजवीकडं खाली असतो तो रेणूत असे अणू किती ते. चार कोपरे, चार वेगळ्या गोष्टी, आणि उजव्या कोपऱ्यांनी डाव्या कोपऱ्यांत कधीच ढवळाढवळ करायची नाही.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं, दात पिवळे-तपकिरी पडलेली, हाडं दुखणारी माणसं तिथं बघायला मिळतात. पाण्यातलं ते फ्लोराइड म्हणजे फ्लोरीनचा आयन (प्रभार असलेला अणू), अणुअंक ९, अणुवस्तुमानांक १९, उजवीकडं वर उणे चिन्ह. प्रोटॉन ९, न्यूट्रॉन १०, आणि इलेक्ट्रॉन? लेकरं म्हणतात उणे आहे म्हणून एक कमी, ८. उलटं आहे. इलेक्ट्रॉनच स्वतः ऋण आहे, तो एक वाढला म्हणून अणू ऋण झाला, इलेक्ट्रॉन १०. कॅल्शियमचा दोन अधिकवाला आयन असेल तर दोन गेलेत, प्रोटॉन २०, इलेक्ट्रॉन १८. गणितात लिहायचं तर इलेक्ट्रॉन म्हणजे अणुअंक वजा प्रभार, आणि प्रभार उणे असेल तर वजा-वजा अधिक होतं, ९ वजा (वजा १) बरोबर १०.

यात आणखी एक घोळ लपलेला असतो, तो मात्र फक्त विचार करणाऱ्या लेकरांना होतो. फ्लोराइडमध्ये १० इलेक्ट्रॉन आले, निऑनमध्ये पण १०, म्हणजे फ्लोरीनचं निऑन झालं का? अणुअंक म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या असं कुणीतरी शिकवलेलं असतं म्हणून हा प्रश्न पडतो. ते फक्त प्रभार नसलेल्या अणूपुरतं खरं आहे. अणुअंक हा प्रोटॉनवरून ठरतो, प्रोटॉन ९ आहेत तोवर ते फ्लोरीनच. सरांना हात जोडून विनंती, पहिल्याच दिवशी व्याख्या प्रोटॉनचीच द्या.

रेणूचा प्रश्न आला की प्रत्येक अणूचा हिशोब वेगळा काढून मग बेरीज. जड पाण्याचा प्रश्न नीटवाल्यांनी करून बघावा. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, अणुवस्तुमानांक २, एकेक न्यूट्रॉन, असे दोन अणू, अधिक ऑक्सिजन-१६ चे ८, मिळून १० न्यूट्रॉन. साध्या पाण्यात ८ च. इलेक्ट्रॉन दोन्हीत १०. आपल्याच राज्यात रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हे पाणी लागतं. एक सूचना, ड्युटेरियमला डी आणि ट्रिटियमला टी अशा वेगळ्या संज्ञा दिसल्या तर ती नवी मूलद्रव्यं समजू नका, दोघांचाही अणुअंक १ च आहे, हायड्रोजनचीच समस्थानिकं आहेत. स्वतःची वेगळी संज्ञा मिळालेली तेवढी हीच.

पीडीएफमधले चिकटलेले आकडे

हा घोळ अलीकडं खूप वाढलाय आणि यात लेकरांचा काडीचा दोष नाही. प्रश्नसंच स्कॅन करून, नाहीतर वर्डमधून कॉपी करून ग्रुपवर टाकतात, त्यात वरचे-खालचे आकडे एका ओळीत येऊन चिकटतात आणि सोडियमच्या आधी सरळ २३११ छापलेलं येतं. कार्बनच्या आधी १२६, ऑक्सिजनच्या आधी १६८, युरेनियमच्या आधी २३८९२. लेकरू कार्बनचा अणुवस्तुमानांक १२६ धरून १२० न्यूट्रॉन काढतं, सूत्राप्रमाणं बरोबर, वस्तुस्थितीत अशक्य, आणि वर सांगितलेली दुपटीची तपासणी केली असती तर तिथंच संशय आला असता, ६ ला १२६ म्हणजे एकवीसपट.

उपाय असा: आकड्यांकडं बघायच्या आधी संज्ञेकडं बघा, तिचा अणुअंक आठवा किंवा तक्त्यात बघा, आणि चिकटलेल्या आकड्यांतून तेवढा तोडून काढा, उरला तो अणुवस्तुमानांक. युरेनियम ९२, तोडलं की २३८ उरले. आयोडीनच्या आधी १३१५३ आलं, ५३ तोडले, १३१ उरले. चांदीच्या आधी १०७४७, ४७ तोडले, १०७. कधी कधी खालचा आकडा आधी टाइप झालेला असतो आणि सोडियमला ११२३ येतं, तेव्हा अणुअंक पुढून तोडावा लागतो, पण पद्धत तीच. हायड्रोजनच्या आधी ३१ आलं तर ते एकतीस नाही, ३ आणि १, म्हणजे ट्रिटियम. कॅल्शियमच्या मागं २ आणि अधिक चिन्ह आलं तर तो प्रभार, त्याला डावीकडच्या आकड्यांत मिसळू नका. आणि तोडूनही काही जुळत नसेल तर प्रश्न तसाच सोडवत बसू नका, ज्या सरांनी टाकलाय त्यांना मूळ पानाचा फोटो मागा, लाजायचं काही कारण नाही.

सरांना पण एक सांगणं, ग्रुपवर प्रश्न टाकताना वर-खाली आकड्यांच्या फंदात पडूच नका, नाव आणि पुढं अणुवस्तुमानांक लिहा, आयन असेल तर प्रभार शब्दात टाका. "क्लोरीन-३७, ऋण एक" एवढं टाइप केलं तरी १७ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन आणि १८ इलेक्ट्रॉन सरळ निघतात.